थेंबातले जीव, कागदावरचे रंग

घरात ज्येष्ठ माणूस असले की कुटुंबीय औषधांच्या वेळा, पथ्ये आणि तपासण्या नेटाने सांभाळतात. पण दुपारचे जेवण आणि चारचा चहा यांच्या मधला लांबलचक वेळ त्या माणसाने कसा घालवावा, हे मला क्वचितच कोणी विचारते. शिरूर-दौंडकडचे माझे बहुतेक वयस्क रुग्ण आयुष्यभर शेतात, रेल्वेत किंवा साखर कारखान्यात राबलेले. रिकाम्या हातांची त्यांना सवय नाही. चित्रे काढा असे सुचविले की उत्तर ठरलेले असते : ‘‘डॉक्टर, शाळेत कधी धड आंबा काढता आला नाही, आता काय काढणार?’’ म्हणून या वेळी अशा चित्रांविषयी लिहितो, ज्यांत आंबा आंब्यासारखा दिसावा लागत नाही.

शेततळ्यातल्या हिरवट पाण्याचा एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की त्यात काय काय दिसते! चपलेच्या तळव्याच्या आकाराचा पॅरामेशियम घाईघाईने इकडून तिकडे जातो. स्पायरोगायराच्या धाग्यात हिरवी फीत मळसूत्रासारखी गुंडाळलेली असते. व्हॉल्व्हॉक्सच्या हिरव्या गोलात त्याची पिलावळ, म्हणजे लहान लहान गोल, दिसतात. डायॅटम नावाच्या शैवालांची कवचे तर काचेच्याच जातीच्या द्रव्याची, सिलिकाची असतात आणि त्यांवरची नक्षी आपल्या रांगोळीच्या ठिपक्यांची आठवण करून देते. हे जग प्रथम ज्यांनी बारकाईने पाहिले ते लेव्हेनहूक हॉलंडमधील डेल्फ्टचे कापडाचे व्यापारी होते. त्यांना स्वतःला चित्र काढता येत नसे. त्यासाठी त्यांनी चित्रकार नेमला होता. १७२३ मध्ये नव्वदाव्या वर्षी निधन होईपर्यंत त्यांचे निरीक्षण चालू होते, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

खोल समुद्राचे जग याहूनही निराळे. सुमारे २०० मीटरच्या खाली सूर्यप्रकाश अगदी क्षीण होतो आणि १,००० मीटरच्या खाली तो पोहोचतच नाही. लाल प्रकाश तर वरच्या थरांतच शोषला जातो. म्हणून तिथला लाल जीव तिथे काळा दिसतो आणि लपून राहतो. अनेक प्राणी स्वतःच्या शरीरातून निळसर उजेड निर्माण करतात. काळा कागद आणि त्यावर उजळ निळे-पांढरे ठिपके, एवढ्या सामग्रीतही त्या जगाची चाहूल लागते.

चित्रकारांना या रूपांनी फार पूर्वीच भुरळ घातली. जर्मन जीवशास्त्रज्ञ हेकेल यांनी १८९९ ते १९०४ या काळात सूक्ष्म व सागरी जीवांची शंभर चित्रपत्रे प्रसिद्ध केली. पुढे कँडिन्स्की पॅरिसला राहू लागल्यावर त्यांच्या अमूर्त चित्रांत गर्भासारखे, अळ्यांसारखे तरंगणारे आकार आले. आपल्याकडे वासुदेव गायतोंडे यांचे नाव घ्यावे लागेल. १९२४ साली नागपुरात जन्मलेले आणि मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकलेले गायतोंडे आपल्या चित्रांना अमूर्त म्हणवून घेत नसत. त्यांचे चित्र पाहताना मला मात्र खोल पाण्यात झिरपणारा उजेडच आठवतो. हे एका डॉक्टरचे मत, समीक्षकाचे नव्हे. १९८४ च्या अपघातानंतर त्यांना मोठे कॅनव्हास पेलेनात, तेव्हा ते कागदावर शाईने लहान चित्रे करू लागले.

काळजीवाहकांसाठी अधिक उपयोगी उदाहरण मातीस यांचे. १९४१ मध्ये, एकाहत्तराव्या वर्षी, त्यांच्या पोटावर मोठी शस्त्रक्रिया झाली आणि पुढचा बराच काळ पलंगावर व चाकांच्या खुर्चीत गेला. सहायक कागद रंगवून देत आणि मातीस कात्रीने आकार कापीत. कोणता तुकडा कुठे लावायचा हे ते सांगत आणि सहायक टाचणीने तो तिथे लावीत. १९४६ मध्ये पॅरिसच्या घरातील भिंतीवर त्यांनी असेच पांढरे कागद लावून समुद्र उभा केला : मासे, प्रवाळ, शेवाळ. सोळा वर्षांपूर्वी ताहिती बेटावर पाहिलेल्या पाण्याची ती आठवण होती. सहायकांनी हात दिले, पण निर्णय घेतले नाहीत, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. आपल्याकडे सूनबाई किंवा नातू प्रेमाने कुंचला हातातून काढून घेतात आणि ‘‘असं नाही आजोबा, असं’’ म्हणून चित्र नीट करून देतात. ते करू नये.

सामग्री साधी असावी. जाड कागद, पाण्यात मिसळणारे रंग आणि एक रुंद कुंचला. ओल्या कागदावर रंगाचा थेंब सोडला की तो आपोआप पसरून पेशीसारखा आकार घेतो. रंग ओला असतानाच चार खडे मीठ टाकले तर वाळल्यावर तिथे तारे उमटतात. हात थरथरत असेल तर कोपर टेबलावर टेकवावे आणि कुंचल्याच्या दांडीला स्पंज किंवा जुने कापड गुंडाळून ती जाड करावी. पकड सोपी होते. कंपवाताच्या रुग्णाची थरथरती रेघ घराच्या चित्रात खटकते. जेलीफिशच्या धाग्यांत ती शोभून दिसते. साठीच्या माणसाच्या दृष्टिपटलावर विशीतल्या माणसाच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो, म्हणून बसण्याची जागा खिडकीजवळ असावी. उजव्या हाताने काम करणाऱ्यास उजेड डावीकडून मिळावा. वीस-पंचवीस मिनिटे पुरेत. दमा असणाऱ्यांनी टर्पेंटाइन लागणारे तैलरंग टाळावेत. स्मृतिभ्रंश असेल तर कुंचला धुण्याचे पाणी चहाच्या पेल्यात कधीही ठेवू नये. ते सहज पिऊन टाकले जाते. आणि थेंब पाहण्याच्या उत्साहात वडीलधाऱ्यांनी किंवा मुलांनी शेततळ्याच्या काठावर जाऊ नये. त्या प्लॅस्टिकच्या कागदावरून पाय घसरला की वर येणे तरुणालाही कठीण जाते. कुंडीखालच्या ताटलीतले साचलेले पाणी पुरते.

आता थोडे वैद्यकीय. काही वाचक म्हणतील, हे तरंगणारे जीव आम्हाला सूक्ष्मदर्शकाशिवायच दिसतात! खरे आहे. वयोमानाने डोळ्यातला पारदर्शक द्रव आकसतो आणि त्यातील तंतूंची सावली पडते. धागे, जाळी, माशा फिरल्यासारखे वाटते. जुने, थोडे आणि तसेच राहणारे ठिपके बहुधा निरुपद्रवी असतात. पण असे ठिपके अचानक पुष्कळ वाढले, विजेसारखी चमक दिसू लागली किंवा एका बाजूने पडदा ओढल्यासारखे झाले तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे. दृष्टिपटल सुटत असण्याची ती खूण असू शकते आणि विलंबाने दृष्टी जाते. मधुमेहींत आतला रक्तस्रावही असा दिसतो. नॉर्वेचे चित्रकार मुंक यांच्या उजव्या डोळ्यात १९३० मध्ये रक्तस्राव झाला, तेव्हा त्यांनी डोळ्यापुढे तरंगणारे डाग आणि वर्तुळे कागदावर उतरवून ठेवली. आपणही दिसेल ते काढून डॉक्टरांना दाखवावे; मात्र चित्र पुरे होईपर्यंत थांबू नये.

दुसरी गोष्ट दौंडच्या एका निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्यांची. ते रोज रंगांची वर्तुळे काढीत आणि त्यांच्या सूनबाई प्रत्येक कागदामागे तारीख घालीत. एके दिवशीच्या कागदाचा डावा अर्धा भाग कोरा राहिला. ‘‘बाबा, इकडे राहिलं,’’ म्हटल्यावर ते म्हणाले, ‘‘पूर्ण झालंय की.’’ ताटातली डावीकडची भाजीही तशीच होती. हात-पाय चालत होते, बोलणे स्पष्ट होते, त्यामुळे घरातले इतर जण उद्या पाहू म्हणत होते. सूनबाईंनी ऐकले नाही. मेंदूच्या उजव्या भागात रक्ताची गुठळी निघाली. अशा रुग्णाला डाव्या बाजूचे भानच राहत नाही आणि ते राहत नाही हेही त्याला कळत नाही. म्हणून तो स्वतः तक्रार करीत नाही. गुठळी विरघळविणारे औषध साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते. त्यामुळे सी.टी. स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात थेट जाणेच योग्य.

ते आता घरी आहेत आणि पुन्हा रंगवितात. कागदाच्या डाव्या कडेला लाल चिकटपट्टीची एक उभी रेघ लावलेली असते. सुरुवात करण्यापूर्वी ती बोटाने शोधायची, असा नियम आहे. सूनबाई मुद्दाम डावीकडे बसतात आणि रंगांची ताटली रोज बोटभर आणखी डावीकडे सरकवितात. परवाच्या कागदावर एक शेपटीवाला निळा जीव रेघेपर्यंत पोहोचला होता.