विश्लेषण : निवृत्तीनंतर मूळ गावी राहावे की मालवणात?

मुंबईतली नोकरी संपत आली की कोकणातल्या चाकरमान्यांच्या घरात एक चर्चा हमखास सुरू होते. डोंबिवली-विरारचा फ्लॅट विकायचा किंवा भाड्याने द्यायचा आणि सिंधुदुर्गात जायचे, इथपर्यंत नवरा-बायकोचे एकमत असते. पुढे फाटा फुटतो. एकाच्या डोळ्यांसमोर आजोबांचे जांभ्या दगडाचे कौलारू घर, मागची विहीर आणि शांतता असते. दुसऱ्याला मालवणसारखे गाव हवे असते, जिथे बाजार आहे, दवाखाना आहे, समुद्र आहे आणि संध्याकाळी चार माणसे दिसतात.

‘शांतता हवी की गजबज?’ असा हा प्रश्न मांडला जातो. पण निर्णय घेतो साठीतला माणूस आणि तो निभवायचा असतो पंचाहत्तरीत. त्या वयात गाडी चालवता येईलच असे नाही. त्यामुळे हाक मारल्यावर कोण येईल, हे आधी पाहायला हवे.

गाव शांत का आहे?

सिंधुदुर्गची लोकसंख्या २००१ मध्ये ८ लाख ६८ हजार होती, ती २०११ च्या जनगणनेत ८ लाख ४९ हजारांवर आली. त्या दशकात लोकसंख्या घटलेले जिल्हे राज्यात मुंबई शहर वगळता दोनच होते, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग. दर हजार पुरुषांमागे १०३६ स्त्रिया, या आकड्याचे एक मोठे कारण म्हणजे कमावते पुरुष बाहेर गेलेले. आपल्याला जी शांतता सुखावते, तिचा मोठा भाग माणसे निघून गेल्याने आलेला आहे.

वाडीतल्या किती घरांत संध्याकाळी दिवा लागतो, हे गणपतीत किंवा शिमग्यात कळत नाही. ते जुलैतल्या एखाद्या मंगळवारी मोजावे. मालवण तालुक्यातल्या आचऱ्यात दर काही वर्षांनी गावपळण होते. सारा गाव गुराढोरांसह तीन दिवस वेशीबाहेर राहतो आणि परत येतो. बाकीच्या अनेक गावांची पळण मात्र परत न येणारी ठरली आहे.

माणसे नाहीत म्हणजे कामाला हातही नाहीत. पावसाआधी कौले परतायला माणूस मिळत नाही. माकडे ती फोडतात, आतून वाळवी लागते. जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तरी सच्छिद्र जांभ्यातून आणि उतारावरून पाणी झपाट्याने समुद्राकडे जाते आणि मे महिन्यात विहिरीचा तळ दिसतो. वर्षानुवर्षे बंद असलेले घर ‘थोडी डागडुजी करून’ राहण्याजोगे होईल, हा हिशेब बहुधा चुकतो.

कागदपत्रांचा भाग याहून अवघड आहे. सातबारावर आजोबांच्या पिढीपासूनची नावे असतात, काका-आत्यांचे वारस वसईपासून बडोद्यापर्यंत पांगलेले असतात आणि वाटप झालेलेच नसते. घरपट्टी आपण भरतो म्हणून घर आपले ठरत नाही. निवृत्तीचे पैसे सामाईक जमिनीवरच्या घरात घालणे ही जोखीम आहे, मग भावकी कितीही गोड असो.

मालवणची गजबज कोणासाठी आहे?

मालवण हे २०११ च्या जनगणनेनुसार १८-१९ हजार वस्तीचे गाव. नगरपरिषद आहे, ग्रामीण रुग्णालय आहे, चालत जाता येईल इतक्या अंतरावर बाजारपेठ आहे. औषधाचे दुकान, बँक आणि एसटी स्थानक रिक्षाच्या टप्प्यात असणे ही म्हातारपणी चैन नसते.

मात्र पर्यटकाला दिसणारे मालवण वर्षभर तसेच राहत नाही. नाताळात आणि मे महिन्यात अरुंद रस्त्यांवर गाड्या अडकतात, शेजारच्या होमस्टेमध्ये रात्री उशिरापर्यंत गाणी वाजतात आणि चांगली सुरमई घरच्या गिऱ्हाईकाच्या हाती लागणे कठीण होते. १ जूनपासून यांत्रिक मासेमारी बंद होते. सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्या थांबतात, स्कूबाचे फलक उतरतात. त्यानंतर जे उरते, ते तिथल्या लोकांचे मालवण. राहायचे आहे ते त्या गावात, आणि माझ्या मते ते राहण्याजोगे आहे.

समुद्र मात्र खिडकीतून दिसण्याइतका जवळ नको. खाऱ्या हवेने ग्रिल, फ्रिज, गाडी, सगळे गंजते. किनाऱ्यालगतच्या विहिरीचे पाणी मचूळ निघू शकते. ‘सी टच’ म्हणून विकल्या जाणाऱ्या जमिनीवर किनारपट्टी नियमनाची, म्हणजे सीआरझेडची बंधने असतात. ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंतचा पट्टा बऱ्याच ठिकाणी ना-विकास क्षेत्रात येतो. मे २०२१ मधल्या तौक्ते वादळानंतर या किनाऱ्यावरची अनेक घरे कित्येक दिवस विजेविना होती. बाजारपेठेच्या बाजूला, दोन गल्ल्या आत असलेले घर फोटोत साधे दिसेल, पण राहायला तेच बरे.

रात्री दोन वाजता काय?

१०८ क्रमांकाची रुग्णवाहिका राज्यात २०१४ पासून आहे. ती मालवणच्या नाक्यावर येणे आणि पावसात, वीज गेलेली असताना, आतल्या वाडीच्या पाणंदीपर्यंत पोहोचणे यांत मोठा फरक आहे. तिथे मोबाइलला रेंज असेल का, हाही प्रश्न असतो. शिवाय मालवणातही सगळे उपचार होत नाहीत. जिल्हा रुग्णालय आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालय ओरोसला आहे, साधारण तीस किलोमीटरवर. गंभीर रुग्णाला अनेकदा थेट गोव्यात, बांबोळीला नेतात. हृदयविकार किंवा डायलिसिस असेल तर खरी तुलना मालवणशी नाही, कुडाळ-ओरोसशी करायला हवी.

एसटीचेही तसेच. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत आहे आणि २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट. पण आपल्या वाडीच्या तिठ्यावर वस्तीची गाडी अजून येते का? दिवसाला दोन फेऱ्या असतील तर दुपारच्या डॉक्टरसाठी रिक्षाचे भाडे मोजावेच लागते.

हा निर्णय कोणाचा?

‘माझ्या गावी जाऊ’ हे वाक्य बहुतेक वेळा नवरा बोलतो. बायकोचे ते सासर असते. तिचे माहेर, तिच्या मैत्रिणी, तिचे भजनी मंडळ वेगळीकडे असते. गणपतीत मुंबईहून पंधरा माणसे उतरतात, तेव्हा स्वयंपाकघरात कोण असते हे वेगळे सांगायला नको. तीस-चाळीस वर्षे चाळीत आणि सोसायटीत, दार उघडे ठेवून राहिलेल्या बाईला ओसाड वाडीतली शांतता विश्रांती वाटेलच असे नाही. दोघांपैकी एक जण मागे राहणार, हे कोणी बोलत नाही. ते बहुधा तीच असते. त्यामुळे या निर्णयात तिच्या मताला अर्ध्याहून अधिक वजन हवे, असे मला वाटते.

मग गाव सोडूनच द्यायचे का?

नाही. वाडीत चुलतभाऊ शेती करत असेल, शेजारच्या घरात तरुण मुले असतील, घराचा कागद स्वच्छ असेल, तर गावचे घर मालवणपेक्षा उजवे. तिथे हाक मारल्यावर माणूस धावत येतो. शहरात येईलच याची खात्री नाही. आणखी एक मधली वाट आहे, मालवण-कसाल रस्त्यावरच्या कट्ट्यासारखी बाजाराची गावे. मोठ्या रस्त्यावर असल्याने एसटी मिळते, रोजची खरेदी जागच्या जागी होते आणि पर्यटकांची वर्दळ नसते. अशा गावांचा विचार फारच कमी लोक करतात.

हे काहीच जमणारे नसेल तर माझे मत शहराकडे झुकते. मालवणात राहावे आणि गावचे घर जत्रेला, सणाला, आंब्याच्या दिवसांत उघडावे. वीसेक किलोमीटरवरून येऊन महिन्याला एकदा झाडलोट केलेले घर, मुंबईहून वर्षात एकदा उघडलेल्या घरापेक्षा जास्त टिकते.

शेतजमीन घ्यायचा विचार असेल तर स्वतःच्या किंवा वडिलांच्या नावाचा सातबारा आधी शोधावा. राज्यात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन विकत घेता येत नाही. आणि मुंबईचा फ्लॅट एवढ्यात विकू नये. आधी एक पूर्ण पावसाळा भाड्याने राहून पाहावा. खोली मे महिन्यात विचारली तर मालक दिवसाचा दर सांगेल. तीच खोली पर्यटक गेल्यावर, जूनमध्ये विचारावी.