रागाचें वतन

“आमच्या घराण्यांत राग पिढीजाद आहे, त्याला इलाज नाहीं,” असें अभिमानानें सांगणारे गृहस्थ आमच्या वाचकांच्या चांगलेच परिचयाचे असतील. पूर्वीं हे गृहस्थ जमदग्नीचें नांव सांगत. आतां जनुकशास्त्राचें सांगतात. साक्षीदार बदलला, कैफियत मात्र तीच!

स्वभावावर आनुवंशिकतेचा परिणाम होत नाहीं, असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. १९९३ सालीं हान ब्रुनर व त्यांचे सहकारी यांनीं एका डच कुटुंबाचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांतील कांहीं पुरुष क्षुल्लक कारणावरून अंगावर धावून जात. क्वचित् जाळपोळीपर्यंत मजल जाई. मेंदूंतील सेरोटोनिनसारख्या द्रव्यांचें विघटन करणारें ‘एमएओए’ नांवाचें विकर त्यांच्या शरीरांत जनुकदोषामुळें कार्यच करीत नव्हतें. शोध खरा आहे. परंतु हा दोष अत्यंत विरळा असून, त्या पुरुषांची बुद्धिही काहींशी मंद होती, हें आमचे चलाख गृहस्थ सोयिस्करपणें विसरतात.

जुळ्या भावंडांच्या पन्नास वर्षांच्या अभ्यासांचें संकलन २०१५ सालीं झालें. त्यांत माणसामाणसांतील फरकांपैकीं सरासरी निम्मा भाग आनुवंशिक आढळला. याचा अर्थ, अमक्याचा निम्मा राग आजोबांचा, असा नव्हे! तो आंकडा समूहांतील भिन्नतेचा आहे, एका माणसाच्या संतापाचा हिशेब नव्हे.

न्यूझीलंडमधील डुनेडिन येथील ४४२ पुरुषांचा अभ्यास २००२ सालीं प्रसिद्ध झाला. वरील विकर कमी निर्माण करणारें जनुक ज्यांच्या ठायीं होतें, त्यांपैकीं बालपणीं छळ सोसलेल्यांतच समाजविघातक वर्तन विशेष दिसलें. पुढील सर्वच तपासण्यांत हा निष्कर्ष सारखा टिकला नाहीं, हें खरें. तथापि त्यांतील सूचना विसरण्याजोगी नाहीं. वारशाची सबब सांगून मुलावर हात उगारणारा बाप त्या मुलास केवळ जनुकच देत नाहीं. त्याचें बालपणही तोच घडवीत असतो.

आणखी एक गोष्ट. हाच ‘रक्ता’चा सिद्धांत गरिबांस लावला म्हणजे सबबीचा आरोप होतो. १८७१ सालच्या गुन्हेगार जमातींच्या कायद्यान्वयें ब्रिटिश सरकारनें सबंध जमातींस जन्मजात गुन्हेगार ठरविलें; आपल्या सोलापुरांत त्यांच्यासाठीं तारेच्या कुंपणाआडची वसाहत झाली. कायदा १९५२ सालीं गेला; पारध्याच्या पोराकडे संशयानें पाहण्याची दृष्टि अद्यापि गेली नाहीं. म्हणजे रावसाहेबांचें रक्त तापलें तर क्षमा, आणि पारध्याचें रक्त नुसतें आहे म्हणून शिक्षा! हा न्याय कोणत्या शास्त्रांतला?

वारशानें फार तर ठिणगी येते. तिला फुंकर घालावयाची कीं नाहीं, हें घरांत ठरतें. राग हें वतन नव्हे. आणि असलेंच, तर तें खालसा करण्याचा अधिकार वतनदाराच्याच हातीं आहे.