आधी शोधा, मग दुर्मीळ म्हणा

मधुमेही रुग्णाला ताप, खोकला, वजन घटलेलं आणि एक्स-रेमध्ये छातीच्या वरच्या भागात डाग. आपल्याकडे निदान ठरलेलं: टीबी. थुंकीत जंतू सापडले नाहीत तरी गोळ्या सुरू होतात. हा संशय निराधार नाही. मधुमेहात क्षयाचा धोका दोन-तीन पटींनी वाढतोच. पण ‘टीबी असेल’ म्हणणं वेगळं आणि ‘टीबीच’ म्हणून मोकळं होणं वेगळं. या घाईत मेलिऑयडोसिसचा रुग्ण हकनाक जातो. टीबीच्या गोळ्यांनी तो बरा होत नाही.

बर्कहोल्डेरिया स्यूडोमॅलाय हा मेलिऑयडोसिसचा जंतू ओल्या मातीत, साचल्या पाण्यात राहतो. लावणीच्या चिखलात अनवाणी राबणाऱ्याच्या टाचेला पडलेली भेगही त्याला पुरते. धडधाकट शरीर बहुधा त्याला निस्तरतं. साखर चढलेली असली की पांढऱ्या पेशी लंगड्या पडतात. मग न्यूमोनिया होतो, यकृतात, प्लीहेत, प्रोस्टेटमध्ये गळवं होतात.

‘असला परदेशी आजार आपल्याकडे कुठला?’ असं विचारणाऱ्यांनी इतिहास पाहावा. १९११ साली रंगूनमध्ये व्हिटमोर आणि कृष्णस्वामी यांना तो आढळला, तेव्हा ब्रह्मदेश ब्रिटिश हिंदुस्थानातच होता. भारतातल्या रुग्णाची पहिली नोंद १९९१ साली मुंबईतून प्रसिद्ध झाली. उडुपी-मणिपालकडे तो पावसाळ्यात सापडत राहतो. कारवार ओलांडलं की माती बदलते काय? उडुपी-मणिपालच्या प्रयोगशाळा त्याच्या मागावर असतात, हा खरा फरक.

तो शोधायचा तर कल्चर हवं, म्हणजे नमुन्यातला जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहणं. ‘कल्चरला दिवस लागतात, रुग्ण थांबेल कसा?’ थांबायला सांगतंय कोण? अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसाआधी रक्त, थुंकी, लघवी, पू असेल तर तोही पाठवा आणि उपचार चालू करा. चिठ्ठीवर ‘मधुमेह, भातशेती, पावसाळा’ एवढं मात्र लिहा. नाहीतर वाढलेला जंतू ‘स्यूडोमोनास, बाहेरून मिसळलेला’ म्हणून बाजूला पडतो. नाव कळल्यावरच उपचाराला दिशा येते: जेंटामायसिन सहसा निरुपयोगी, सेफ्टाझिडिम किंवा मेरोपेनेम शिरेतून किमान १० ते १४ दिवस, पुढे को-ट्रायमॉक्साझोल निदान तीन महिने. मध्येच सोडलं तर आजार उलटतो.

म्हणून मागणी साधी आहे. मधुमेही शेतकऱ्याला साखर सांभाळायला सांगताना गमबूट घालायलाही सांगा, आणि पावसाळ्यातला त्याचा ताप हटत नसेल तर कल्चरशिवाय टीबीचा शिक्का मारू नका. शोधूनही सापडला नाही, तर खुशाल दुर्मीळ म्हणा.