शंभर टक्के निकाल कोणाचा?

दहावीचा निकाल लागला की नाक्यानाक्यावर फलक झळकू लागतात. "आमच्या शाळेचा निकाल शंभर टक्के!" खाली पहिल्या पाच मुलांचे फोटो. विहारात गुणगौरव समारंभाची तयारी सुरू होते, महिला मंडळ वह्या-पेनांसाठी वर्गणी काढते. आणि त्याच आठवड्यात घराघरांत एक प्रश्न निघतो : पोराला म्युनिसिपालटीच्या शाळेतून काढून त्या शंभर टक्केवाल्या शाळेत घालावे काय? मग आई धुण्याभांड्याचे आणखी एक घर धरते. बाप पतपेढीतून कर्ज उचलतो. कोणाचे कानातले गहाण पडते.

लेकरांच्या शिक्षणासाठी पोटाला चिमटा घेणारा हा समाज आहे, याचा आम्हाला अभिमानच वाटतो. परंतु ज्या आकड्यावर विसंबून एवढा मोठा निर्णय घेतला जातो, तो आकडा नेमके काय सांगतो हे तपासायला नको काय? केसपुत्त नगरीच्या कालामांना तथागतांनी हेच सांगितले होते. कानावर आले म्हणून मानू नका, परंपरेने चालत आले म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या. निकालाच्या टक्केवारीलाही हीच कसोटी लावू या.

हा प्रश्न नवा नाही. राष्ट्रपिता जोतीराव फुले यांनी १९ ऑक्टोबर १८८२ रोजी हंटर शिक्षण आयोगाला निवेदन दिले. वयाच्या निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, ही त्यातील मागणी आपल्याला ठाऊक आहे. त्याच निवेदनातील दुसरा मुद्दा मात्र फारसा सांगितला जात नाही. त्या काळी शाळांना निकाल पाहून अनुदान देण्याची पद्धत होती. इन्स्पेक्टर साहेब येणार, मुलांची परीक्षा घेणार आणि जितकी पोरे पास तितका पैसा शाळेला मिळणार. ऐकायला ही पद्धत न्यायाची वाटते. काम तसा दाम! पण जोतीरावांनी आयोगाला बजावले की, गरीब आणि अज्ञानात ठेवलेल्या लोकांमध्ये शिक्षण पसरवायला ही पद्धत मुळीच योग्य नाही. ज्या लोकांना अजून शिक्षणाची गोडीच लागलेली नाही, त्यांच्या वस्तीत कोणता मास्तर स्वतःच्या हिमतीवर शाळा काढील? त्याचे पोटच भरणार नाही. म्हणून ती गोडी लागेपर्यंत तेथे सरकारी शाळाच हव्यात आणि शिक्षकांना खास उत्तेजन हवे, असे त्यांचे म्हणणे होते.

जोतीरावांनी काय ओळखले होते? जिथे पोर उपाशी येते, जिथे घरात कोणाला अक्षर येत नाही, तिथे मास्तराला कष्ट जास्त आणि निकाल कमी. जिथे घरातच पिढ्यान्‌पिढ्या विद्या आहे, तिथे कष्ट कमी आणि निकाल जास्त. निकाल पाहून पैसा वाटला तर ज्याला आधीच मिळाले आहे त्यालाच पुन्हा मिळणार.

आता आजच्या निकालाकडे पाहू. आपल्या राज्याचा दहावीचा निकाल २०१८ साली ८९.४१ टक्के होता. २०१९ साली तो एकदम ७७.१० टक्क्यांवर घसरला. २०२० साली ९५.३० टक्क्यांवर चढला आणि २०२१ साली ९९.९५ टक्के झाला. एका वर्षात राज्यातले सगळे शिक्षक बिघडले आणि पुढच्याच वर्षी सगळे सुधारले, असे झाले काय? मुळीच नाही. २०१९ च्या परीक्षेसाठी भाषा आणि सामाजिक शास्त्रे या विषयांचे शाळेच्या हातातले तोंडी परीक्षेचे गुण बंद केले होते. पुढच्या वर्षी ते पुन्हा सुरू झाले. २०२० साली कोरोनामुळे भूगोलाचा पेपरही रद्द झाला. २०२१ साली तर लेखी परीक्षाच झाली नाही, शाळांनी केलेल्या मूल्यमापनावर निकाल लागला.

याच काळात मुंबई महापालिकेच्या शाळांचे काय झाले पाहा. २०१९ साली त्यांचा निकाल सुमारे ५३ टक्क्यांपर्यंत खाली आला. तेव्हा या शाळा बंदच केलेल्या बऱ्या, असे म्हणणारे पुष्कळ निघाले. २०२० साली त्याच शाळांचा निकाल ९३ टक्क्यांच्या पुढे गेला. शाळा त्याच होत्या, वस्त्याही त्याच होत्या. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. नियम बदलल्यावर राज्याचा निकाल बारा टक्क्यांनी घसरला, पण कामगारांच्या मुलांच्या शाळांना त्याहून मोठा फटका बसला. ज्याच्यापाशी शिकवणी आहे, घरात टेबलखुर्ची आहे, समजावून सांगणारा वडील भाऊ आहे, तो नियम बदलला तरी तग धरतो. आपले पोर मात्र पहिल्याच धक्क्याला खाली येते.

दुसरी गोष्ट. शंभर टक्के म्हणजे कोणाचे शंभर टक्के? परीक्षेला बसलेल्यांचे. जी मुले बसलीच नाहीत त्यांचा हिशेब त्यात नसतो. काही शाळा कच्च्या मुलाला नववीतच अडवतात आणि पालकांना बोलावून सांगतात, "याला बाहेरून बसवा, सतरा नंबरचा फॉर्म भरा." पोर शाळेच्या पटावरून गेले की शाळेचा निकाल स्वच्छ! अशी दहा मुले काढून टाकून मिळवलेले शंभर टक्के आणि कोणालाही न काढता मिळवलेले सत्तर टक्के, यातले मोल कशाचे जास्त?

येथे परमपूज्य बाबासाहेबांचा हिशेब आठवावा. १२ मार्च १९२७ रोजी मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या खर्चावर बोलताना त्यांनी किती मुले पास झाली हे मोजले नाही. शाळेत शिरलेल्या शंभर मुलांपैकी चौथीपर्यंत किती टिकतात, हे त्यांनी मोजले. ती संख्या होती अवघी १८. उरलेली ८२ मुले पुन्हा निरक्षरतेत जातात, हे त्यांनी सभागृहापुढे मांडले. फलकावर फोटो असतात ते त्या अठरांपैकी. बाबासाहेबांची नजर होती ब्याऐंशींवर. आपलीही तिथेच हवी.

तिसरी गोष्ट, सुरुवात कोठून झाली. सरकारी शाळेचे दार कोणालाही बंद नाही. ऊसतोडीला गेलेल्यांची मुले दिवाळीनंतर कोयत्याबरोबर निघून जातात आणि हंगाम संपल्यावर परत येतात. वीटभट्टीवरचे, बांधकामावरचे पोर वर्षाच्या मध्येच दाखल होते. जे मूल कधी शाळेतच गेले नाही, त्यालाही वयाप्रमाणे वर्गात बसवावे आणि खास शिकवून बरोबरीला आणावे, असे शिक्षण हक्क कायदा २००९ सांगतो. हे न्यायाचेच आहे. परंतु असे दहा वर्षांचे मूल जूनमध्ये पाचवीत आले आणि ऑगस्टमध्ये चाचणी झाली, तर त्याचा भोपळा शाळेच्या नावावर जमा होतो. उलट प्रवेश देताना मुलाची किंवा पालकांची चाळणी लावायला कायद्याने बंदी असली, तरी फी हीच मोठी चाळणी आहे. जो फी भरू शकत नाही तो दारापर्यंतही जात नाही.

'असर' नावाची पाहणी खेड्यापाड्यांत घरोघर जाऊन होते. त्यात मुलाला अक्षर, शब्द, परिच्छेद आणि गोष्ट अशा पायऱ्यांवर वाचायला लावतात. समजा, एक मूल अक्षरावर होते आणि वर्षभरात परिच्छेदावर आले. दुसरे मूल घरूनच परिच्छेद वाचत आले आणि वर्षाच्या शेवटीही तिथेच राहिले. चाचणीत दोघे सारखेच दिसतील. पण शाळेने काम केले ते पहिल्या मुलावर. एकदाच घेतलेली चाचणी मूल कोणत्या पायरीवर उभे आहे एवढे दाखवते. ते किती पायऱ्या चढले हे त्यातून कळत नाही.

खाजगी शाळेत घातल्यानेच मूल हुशार होते काय, याची आंध्र प्रदेशात चांगली परीक्षा झाली. कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन या अभ्यासकांनी १८० गावांत सोडत काढून काही गरीब मुलांना खाजगी शाळेची फी दिली. ज्यांची चिठ्ठी निघाली नाही त्यांच्याशी या मुलांची तुलना केली. चिठ्ठीमुळे दोन्हीकडची घरे सारखीच होती, हे महत्त्वाचे. २०१५ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा की, चार वर्षांनंतर तेलुगू आणि गणितात दोन्ही गटांची मुले बरोबरीची होती. खाजगी शाळेतली मुले हिंदीत पुढे होती आणि त्या शाळांचा दर मुलामागचा खर्चही सरकारी शाळांच्या एक तृतीयांशाहून कमी होता, हेही सांगितले पाहिजे. म्हणजे खाजगी शाळा वाईट असे कोणी म्हणत नाही. पण फलकावर दिसणारा मोठा फरक बराचसा शाळेचा नसून घराचा असतो, हे यावरून दिसते.

खुद्द बाबासाहेब मॅट्रिकला ७५० पैकी २८२ गुण मिळवून पास झाले. शाळा मुंबईची एल्फिन्स्टन हायस्कूल, सरकारी आणि नावाजलेली. घर म्हणजे परळच्या चाळीतली एक खोली. वर्गात अस्पृश्यतेचा जाच होताच. तरीही समाजाने त्या गुणांचा सत्कार केला, कारण ते कोठून मिळवले हे समाजाला ठाऊक होते. आजच्या फलकावर ३७-३८ टक्क्यांच्या मुलाचा फोटो लागला असता काय?

मग परीक्षा नकोच काय? तसे आम्ही मुळीच म्हणणार नाही. आकडे झाकून ठेवण्यात आपलाच घात आहे. 'असर'च्या २०२४ च्या पाहणीत देशातील सरकारी शाळांतल्या पाचवीच्या मुलांपैकी ४४.८ टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचता आली. म्हणजे निम्म्याहून अधिक मुलांना ती आली नाही! यात सर्वात मोठा वाटा गरिबांच्याच मुलांचा. "आमच्याकडे मुलेच तशी येतात" असे म्हणून जो शिक्षक हात झटकतो, तो जोतीरावांचे नाव घेण्यास लायक नाही. जोतीरावांनी त्याच निवेदनात शिक्षकांच्या कच्च्या तयारीवर कडक टीका केली होती. प्रशिक्षित शिक्षक द्या आणि त्यांना नीट पगार द्या, असे ते म्हणत होते.

चाचणी म्हणजे ताप मोजण्याचा काटा आहे. ताप किती ते काटा सांगतो. पण ताप डासाने आला, घाण पाण्याने आला की डॉक्टरच्या हलगर्जीपणाने, हे तो सांगत नाही. काट्याकडे बघून दवाखान्यालाच टाळे ठोकायचे, हा कुठला न्याय? ज्या शाळेचा निकाल कमी तिथे शिक्षक जास्त द्या, पैसा जास्त द्या, देखरेख जास्त ठेवा, ही जोतीरावांची वाट आहे. निकाल कमी म्हणून शाळा बदनाम करायची, बदनाम झाली म्हणून पट घटतो आणि पट घटला म्हणून शाळा बंद करायची, ही दुसरी वाट आहे. त्या वाटेवर शेवटी आपल्याच वस्तीतली पोरे घरी बसतात, आणि त्यांत मुली आधी.

तेव्हा माता-पालकांना आमचे सांगणे आहे. शाळा निवडायला जाल तेव्हा फलक वाचून परत येऊ नका. विचारा, यंदा दहावीला जी मुले बसली ती आठवीत किती होती? मधली मुले कोठे गेली? नववीत नापास किती केली? प्रत्येक विषयाला शिक्षक आहे काय? कच्च्या मुलासाठी शाळा काय करते? या प्रश्नांची सरळ उत्तरे जी शाळा देईल ती चांगली, मग ती म्युनिसिपालटीची असो की संस्थेची.

आणि मूल सध्या ज्या शाळेत आहे तिथे आपला हक्क बजावा. कायद्याप्रमाणे सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि समितीत निम्म्या महिला असाव्या लागतात. आपल्यापैकी किती जणी त्या बैठकीला जातात? विहारातल्या कार्यक्रमाला जशी पांढरी साडी नेसून वेळेवर जाता, तशाच त्या बैठकीला जा. घरीही एक साधी पारख करता येईल. पाचवीतल्या मुलाला दुसरीच्या बालभारतीतला एखादा धडा मोठ्याने वाचायला सांगा. हातच्याची एक वजाबाकी घाला. स्वतःला वाचता येत नसेल तर शेजारच्या कॉलेजच्या मुलीला जवळ बसवा. मूल अडखळले तर त्याला मारू नका, शाळेत जाऊन बाईंना विचारा. तीन महिन्यांनी पुन्हा तेच करून पाहा. किती पायऱ्या चढला ते तुमचे तुम्हालाच दिसेल.

यंदाच्या गुणगौरव समारंभासाठीही एक सूचना आहे. पहिल्या तिघांना हार घालाल तेव्हा नापास होऊन पुन्हा बसलेल्या, काम करून रात्रशाळेत शिकलेल्या आणि सतरा नंबरचा फॉर्म भरून पास झालेल्या मुलामुलींनाही मंचावर बोलवा. आणि वस्तीतल्या ज्या मुलांनी शाळा सोडली त्यांची यादी त्याच दिवशी करा. त्या ब्याऐंशींना परत शाळेत आणणे हेच बाबासाहेबांना खरे अभिवादन होय.

जयभीम!