फ्रीझरमधील मुदत ठेव

ज्या माणसाने आयुष्याची पस्तीस वर्षे बँकेत घालविली, त्याला ‘ठेव’ हा शब्द स्वभावतःच प्रिय असतो. निवृत्तीनंतर घरातील फ्रीझरही मला मुदत ठेवीच्या खात्यासारखा वाटू लागला. आज ठेवावे आणि गरज पडेल तेव्हा जसेच्या तसे काढावे, असा माझा हिशेब होता. गेल्या अक्षय्य तृतीयेला तो चुकला.

श्रीखंडासाठी दोन किलो चक्का आठवडाभर आधीच आणून मी फ्रीझरमध्ये ठेवला होता. आदल्या रात्री तो ओट्यावर काढून ठेवला. सकाळी पाहतो, तर भांड्यात पाणी सुटलेले आणि चक्का रवाळ झालेला. सौ. म्हणाल्या, “अहो, वैशाखातली रात्र होती. हे आता नको.” मी मात्र अन्न टाकणे योग्य नव्हे म्हणून श्रीखंड करावयास लावले आणि उरलेला चक्का पुन्हा गोठविला. चार दिवसांनी तोच नातवाला दिला. पुढील दोन दिवस त्याच्या उलट्या व जुलाब थांबविण्यात गेले. डॉक्टरांनी बोट त्या चक्क्याकडेच दाखविले.

कारण समजून घेतल्यावर माझी मलाच लाज वाटली. पाणी गोठले की सुमारे ९ टक्के फुगते. घरगुती फ्रीझरमध्ये पदार्थ सावकाश गोठत असल्याने बर्फाचे स्फटिक मोठे होतात आणि ज्या प्रथिनांच्या जाळीत पाणी धरलेले असते, ती जाळी फाडतात. म्हणूनच वितळताना पाणी वेगळे होते. हा झाला केवळ पोताचा प्रश्न. आरोग्याचा प्रश्न निराळा आहे. गोठविल्याने जंतू मरतातच असे नाही. बहुतेक जण निद्रिस्त राहतात आणि ऊब मिळताच पुन्हा वाढू लागतात.

यातून आमच्या घरी काही नियम ठरले. दही व चक्का गोठवावयाचा नाही; लागेल तेवढाच आणावयाचा. पनीर गोठविल्यास भुसभुशीत होते. ते भुर्जी, कोफ्ते वा पराठ्यांसाठी चालते. वापरण्यापूर्वी थोडा वेळ कोमट पाण्यात ठेवल्यास ते बरेच मऊ होते. खव्यात पाणी कमी असल्याने तो चांगला टिकतो. तुपासाठी साठविलेली सायही गोठविता येते. तिच्यातील स्निग्धांश वेगळा झाला तरी कढवावयाचाच असतो. प्रत्येक पदार्थ एका वेळेपुरत्या लहान डब्यांत, घट्ट झाकून ठेवावा, अन्यथा फ्रीझरमधील इतर वास त्यास लागतात. डब्यावर तारीख लिहावी. वितळविण्यासाठी डबा रात्रभर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवावा, ओट्यावर नव्हे. एकदा बाहेर राहून मऊ पडलेले पुन्हा गोठवू नये.

ज्या घरांत पदार्थांची मर्यादा पाळली जाते, तेथे हे सारे ऐकून वडीलधारी मंडळी हसतील. ताजे आणि गरजेपुरते, हे त्यांनी फ्रीझर येण्याच्या कितीतरी आधी सांगून ठेवले होते. अन्न वाया जाऊ नये म्हणून मी जे केले, त्याने अन्नही गेले आणि नातवाला त्रासही झाला. अन्न वाचविण्याची खरी वेळ ते टाकण्याच्या क्षणी नसते. ती दुकानात, वजनकाट्यासमोर असते. दोन किलोऐवजी एक किलो म्हणण्याचे धैर्य मला तेथेच व्हावयास हवे होते.