थडग्यावरचे जादा अक्षर

एल्व्हिस प्रेस्ली १६ ऑगस्ट १९७७ रोजी अमेरिकेतील मेम्फिस येथे, ग्रेसलँड या आपल्या घरी वारला. वय अवघे ४२. तरीही तो जिवंत आहे, असे मानणारे चाहते आजही आहेत. पुरावा काय, तर थडग्यावरील त्याच्या मधल्या नावात ‘ए’ हे अक्षर एकदा जास्त कोरलेले! १९८८ साली तर मिशिगनमधील कॅलमझू येथे तो दिसल्याच्या बातम्याही छापून आल्या.

मला याचे हसू येत नाही. पानिपतानंतर भाऊसाहेबांचा तोतया अनेकांना खरा वाटला, तो याच आशेपोटी. लाडके माणूस गेले, हे मन लवकर मान्य करीत नाही.

पण ही माया एका प्रश्नाला बगल देते. इतक्या लहान वयात तो गेला कसा? कारण हृदयविकाराचे नोंदले गेले. परंतु १९७७ च्या पहिल्या आठ महिन्यांत त्याच्या नावे झोपेच्या, उत्तेजक आणि वेदनाशामक औषधांच्या १०,००० हून अधिक मात्रा लिहून दिल्या गेल्या होत्या. त्याच्या डॉक्टरांचा परवाना रद्द व्हायला १९९५ साल उजाडले.

त्या दिवशी नऊ वर्षांची लिसा मेरी घरातच होती. बाप जिवंत आहे म्हणणे म्हणजे त्या पोरीचे दुःख नाटक ठरवणे. २०२३ साली तीही गेली. ग्रेसलँडच्याच बागेत विसावली.

गाणी खुशाल जिवंत ठेवावीत. पण माणूस मेला हे आधी कबूल केले, तरच त्याला कोणी मरू दिले, हे विचारता येते.