टाकीचे घाव आणि बाळाचा मेंदू

टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, हे दगडाबाबत खरं. दोन-तीन वर्षांच्या मुलाला ही म्हण लावणारे मात्र चुकतात आणि त्यांची चूक मुलाला भोगावी लागते. ‘लहान आहे, विसरून जाईल’ ही समजूतही त्यातलीच.

मूल प्रसंग विसरतं, हे मान्य. शरीर विसरत नाही. भीती वाटली की रक्तात कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक वाढतं, धोका टळला की उतरतं. लस टोचल्यावर रडणाऱ्या बाळाला आजीने छातीशी धरलं की हेच घडतं. त्या ताणाने काही बिघडत नाही. पण रोजची मारहाण, उपेक्षा, घरातली दहशत, आणि जवळ घेणारं कोणी नाही, अशा घरात ही यंत्रणा सतत पेटलेलीच राहते. शिकण्या-आठवण्याला लागणारा हिप्पोकॅम्पस आणि मन आवरणारा कपाळामागचा मेंदू याच वयात घडत असतात. झळ त्यांना बसते. पुढे हेच मूल ‘वर्गात लक्ष देत नाही’ म्हणून पुन्हा मार खातं.

कोणी म्हणेल, हालात वाढलेली किती तरी माणसं कणखर निघाली. निघाली, पण त्यांच्या बालपणात बहुधा एखादी आजी, मावशी, थोरली बहीण सापडते. कणखरपणाचं श्रेय हालांना देणं हा त्या बाईवर अन्याय आहे.

असं माणूसच नसेल तर काय होतं, हे रुमानियात दिसलं. हुकूमशहा चाउशेस्कूच्या पाडावानंतर तिथल्या अनाथालयांत मुलांना अन्न होतं, छप्पर होतं. हक्काचं माणूस नव्हतं. तिथे २००० साली चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना यांनी बुखारेस्टमधल्या १३६ मुलांचा अभ्यास सुरू केला. चिठ्ठ्या टाकून निम्मी मुलं सांभाळ करणाऱ्या कुटुंबांत पाठवली. पुढे त्यांचा बुद्ध्यंक संस्थेतल्या मुलांपेक्षा सरस निघाला. दोन वर्षांची होण्याआधी गेलेल्यांना फायदा अधिक झाला. म्हणजे ‘एकदा बिघडलं ते बिघडलं’ हेही खोटं. मात्र उशीर महागात पडतो.

यातून आईवर खापर फोडणाऱ्यांशीही माझं भांडण आहे. दिवसभर राबून आलेल्या, कधी स्वतःच मार खाणाऱ्या बाईला ‘बाळाला वेळ द्या’ हा उपदेश निर्दय आहे. तिला भरपगारी रजा, सुरक्षित घर आणि घरापासून जवळचं पाळणाघर द्या. त्या पाळणाघरात सांभाळणारी बाई सारखी बदलू नये, तिच्याकडे मोजकीच बाळं असावीत, तिला टिकून राहता येईल असा पगार मिळावा. रंगीत भिंती आणि खेळणी नंतर आणता येतील.